ऐकण्याचा तास

निरुपमाने टेबलावर लाकडी पट्टी आडवी ठेवली. पट्टीच्या अलीकडे ती, म्हणजे कॅनडाच्या विमानतळावरची अधिकारी. पलीकडे गोविंदराव, इस्त्रीचा शर्ट घालून, हातात खराखुरा पासपोर्ट घेऊन. निजामपुऱ्यातल्या औषधाच्या दुकानावर पहिल्या मजल्यावर तिचा इंग्रजीचा वर्ग होता, आणि त्याची शेवटची परीक्षा गेली अकरा वर्षं अशीच होत आली होती. पट्टी ओलांडली की सर्टिफिकेट.

गोविंदरावांची ही तिसरी खेप. रविवारची संध्याकाळ, वर्गात दुसरं कोणी नाही. त्यांच्या पिशवीतून पेढ्यांच्या पुड्याचं टोक बाहेर आलेलं निरुपमाला दिसत होतं. मागच्या दोन्ही खेपांनाही असा पुडा आला होता आणि तसाच परत गेला होता.

रेल्वेच्या कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झालेला हा माणूस. बायको दोन वर्षांपूर्वी गेली. एकुलती मोहना टोरांटोला, आणि तिची सहा वर्षांची ऋचा, जिला मराठीचा गंध नाही. मला सहा महिने तुमच्याकडे येऊन राहू दे, असं त्यांनी लेकीला विचारलं तेव्हा ती म्हणाली, दिवसभर घरात एकटे असाल, दाराशी कोणी आलं तर काय बोलाल? आधी इंग्रजी शिका, मग तिकीट पाठवते. साध्या माणसाने ते अक्षरशः खरं धरलं. दुसऱ्या दिवशी पाटी-पेन्सिल घेतल्यासारखी वही घेऊन ते वर्गात हजर झाले.

पहिल्या परीक्षेच्या आदल्या दिवशी मोहनाचा निरुपमाला फोन आला होता. अनीशला, म्हणजे नवऱ्याला, बाबांचं येणं नको आहे, आणि माझ्याच्याने त्यांना नाही म्हणवत नाही. तुम्ही फक्त त्यांना पास करू नका. बोलता बोलता ती रडली. निरुपमाने तेव्हाच फोन ठेवायला हवा होता. तिने बरं म्हटलं.

आता नापास करायचं तर काहीतरी कारण हवं. गोविंदराव बोलायचे छान, अगदी सावकाश, एकेक नट आवळून पुढे जावं तसे. म्हणून तिने सांगितलं की तुमचं ऐकणं कच्चं आहे, काका. समोरचा सावकाश बोलला तरच तुम्हाला कळतं. तिथे कोणी थांबून बोलणार नाही. लांबून, पाठ फिरवून, तोंडात घास असताना बोललेलंही कळायला हवं.

गोविंदरावांनी तेही मनावर घेतलं. तीन महिने कानात तारा घालून ते इंग्रजी बातम्या ऐकत होते. पोळ्या लाटताना ऐकत होते, कमाटीबागेत फेऱ्या मारताना ऐकत होते. निरुपमाला त्यांच्याकडे पाहवत नसे. आज सकाळी मोहनाचा पुन्हा मेसेज आला तेव्हा तिने उत्तरच दिलं नाही. पाप एकदा होतं, दोनदा होतं. तिसऱ्यांदा तो धंदा होतो.

तिने प्रश्न विचारायला सुरुवात केली. मुद्दाम भरभर, अर्धे शब्द गिळत. गोविंदराव एकदाही अडले नाहीत. किती दिवस राहणार, कुठे राहणार, सामानात काय आहे, सगळ्याची उत्तरं धडाधड आली. शेवटचा प्रश्न तिने कागदपत्रं चाळत, मान खाली घालून विचारला. तुम्हाला घ्यायला कोण येणार?

माझी मुलगी, ते इंग्रजीत म्हणाले. ती अगदी पुढे उभी असेल. बुटकी आहे, मागून तिला काही दिसत नाही.

निरुपमाने खणातून सर्टिफिकेट काढलं आणि त्यावर त्यांचं नाव लिहायला घेतलं. तिला हलकं वाटलं. आता बाप-लेकीचं काय ते त्यांचं त्यांनी बघावं. तेवढ्यात गोविंदरावांचा फोन वाजला. पडद्यावर ऋचा होती. तिकडे न्याहारीची वेळ.

त्यांनी फोन टेबलावरच्या खडूंच्या डब्याला टेकवून उभा केला, निरुपमालाही दिसावा म्हणून. ऋचाने पडलेला दात दाखवला. मागे स्वयंपाकघरात जावई पाठमोरा उभा होता. तोंडात काहीतरी घोळवत तो इंग्रजीत म्हणाला, अजून त्या क्लासलाच जातोय ना म्हातारा? उत्तम. त्या बाईला सांग, ठेव म्हणावं तिथेच. सहा महिने हा माणूस मला माझ्या घरात नकोय.

हळू बोल, मोहना इंग्रजीतच म्हणाली.

त्यांना काय कळतंय, अनीश म्हणाला.

तुला माहितीये, मलाही नकोयत, पण निदान हळू बोल, असं म्हणत मोहना पुढे आली आणि तिने पोरीच्या हातातला फोन घेतला.

निरुपमाचं पेन थांबलं. तिने मान वर केली. गोविंदराव हसत होते. मघाशी दातासाठी हसले होते तेच हसू तोंडावर तसंच राहिलं होतं.

"बाबा, झाली का परीक्षा?" मोहनाने मराठीत विचारलं.

"नाही गं," ते म्हणाले. "अजून व्हायचीये. मॅडम आत्ता घेतायत."

मग तब्येतीचं झालं, थंडीचं झालं, ऋचाने हात हलवला आणि फोन बंद झाला. खालच्या रस्त्यावर कोणीतरी रिक्षावाल्याशी गुजरातीत हुज्जत घालत होतं. गोविंदरावांनी फोन खिशात ठेवला आणि पासपोर्ट उचलून ते पुन्हा पट्टीपलीकडे जाऊन उभे राहिले.

"घ्या, मॅडम."

"काका, झाली ना तुमची परीक्षा."

"पुन्हा विचारा."

तिला नाही म्हणता आलं नाही. तिने विचारलं, अगदी सावकाश, लहान मुलाला विचारावं तसं. ते पट्टीकडे बघत राहिले. दुसरा प्रश्न झाला, तिसरा झाला. त्यांनी मान हलवली. शेवटचा उरला, तुम्हाला घ्यायला कोण येणार? तोही तिने विचारला.

"समजलं नाही," गोविंदराव मराठीत म्हणाले. "नापासच ना?"

तिने अर्धं नाव लिहिलेलं सर्टिफिकेट उलटं केलं. आपल्याला रडायचा हक्क नाही हे कळत असूनही तिला रडू येत होतं.

"मोहनाला तुम्हीच कळवा," ते म्हणाले. "वाट बघत असेल. म्हणावं, बाबांच्या डोक्यात काही शिरत नाही."

पेढ्यांचा पुडा त्यांनी या खेपेला परत नेला नाही, टेबलावर ठेवला. पिशवी खांद्याला लावून ते दारापर्यंत गेले आणि चपला घालता घालता थांबले.

"उद्या येतो मी. पहिल्या धड्यापासून घ्या." चपलेचा अंगठा त्यांना सापडत नव्हता. "ते ऐकायचं तेवढं नको, मॅडम."