अर्धा ठोका आधी

दुकानात गिऱ्हाईक नाही असं पाहून चष्मेवाल्याने लेन्स घासायचं यंत्र बंद केलं, मागच्या खोलीत टकटक ठोके देणारा मेट्रोनोम लावला आणि गिटार मांडीवर घेतली. मुखडा सुरळीत पार पडला. अंतरा जवळ आला आणि हात सुटून ठोक्याच्या पुढे धावला.

"बाबा, पळालास," मुलगी दारातूनच म्हणाली. ती ध्वनिमुद्रण करायची. भल्याभल्यांची भीड ठेवत नसे, मग बापाची काय ठेवणार! "तार छेडायची नसेल तेव्हाही हात खाली-वर चालू राहू दे. आणि पाय आपट."

रविवारी तिचं लग्न होतं. आईबाबांनी सगळ्यांसमोर त्यांचं जुनं गाणं म्हणावं, हा तिचाच हट्ट. बायको गायची सुरेख, माती खायचा तो. नव्या सोयऱ्यांसमोर मुलीचं हसं होऊ नये, एवढीच त्याला धास्ती होती.

मग चष्म्याचे स्क्रू पिळतानाही त्याचा पाय चालू राहिला. डोळे तपासायला आलेल्या आजींनी अक्षरं वाचता वाचता विचारलं, "पायाला मुंग्या आल्यात का हो?" हळूहळू अंतरा वठणीवर आला. बायकोला चकित करायचं होतं, म्हणून घरी सरावाचा विषय निघाला की तो दुकानाचं निमित्त पुढे करायचा.

रविवारी दोघं पाहुण्यांसमोर उभी राहिली. मुखडा झाला. अंतऱ्यापाशी त्याचा हात जराही सुटला नाही, आणि बायकोने अर्धा ठोका आधीच सूर उचलला. एकटीनेच. समोरच्या रांगेत कुणीतरी मान वर केली.

तेव्हा त्याला उमगलं. इतकी वर्षं तो इथे पळायचा, आणि ती एका शब्दाने न बोलता त्याच्यासोबत पळायची. आता तो बरोबर वाजवत राहिला, तर चूक तिची दिसणार होती. त्याने सगळी शिकवणी गुंडाळून ठेवली आणि भरभर हात मारत तिला गाठलं. गाणं पुढे छान रंगलं.

टाळ्या थांबतात न थांबतात तोच मुलगी आली.

"बाबा! पुन्हा पळालास!"

"ओरडू नकोस गं त्यांना," बायको त्याच्या कपाळावरचा घाम पुसत म्हणाली. "तिथे पळणार हे मला ठाऊकच होतं. म्हणून मी आधीच उचललं." मग त्याच्याकडे वळून, जरा तोऱ्यातच, "घेतलं की नाही सांभाळून?"

"घेतलंस," चष्मेवाला म्हणाला. "तू होतीस म्हणून निभावलं."