ग्रेच्चोला जाणारी मरियम

"काल कपाळावर फट होती. कुठे गेली?" बाबांनी मरियमच्या लाकडी चेहऱ्यावरून अंगठा फिरवला.

"नसेल. तुम्हाला भास झाला असेल," सिहाम म्हणाली.

"पन्नास वर्षं ऑलिव्हचं लाकूड कोरतोय मी. भुसा नि सरस भरलास ना? पॉलिशवाल्या बायकांची युक्ती!"

सिहामने बोटांवरचा सरस खरवडून काढला. शाळेच्या वाचनालयातून रजा काढून ती महिनाभर वडिलांजवळ राहत होती. रोज ते उठायच्या आत नव्या फटी बुजवायच्या, एवढंच तिच्या हातात होतं.

छाटलेली जाड फांदी दोन वर्षं सावलीत वाळवल्याशिवाय तिला पटाशी लावायची नसते, हे बेथलेहेममध्ये शेंबड्या पोरालाही ठाऊक. कच्चं लाकूड वापरलं म्हणून बाबांनी तीन कारागिरांना घरी बसवलं होतं. आणि आता त्यांनीच मळ्यात फेब्रुवारीत छाटलेल्या फांदीतून हातभर उंचीची मरियम, येशूची आई, काढली होती. वाळलेल्या साठ्यात तेवढा जाड तुकडा नव्हता, आणि डॉक्टरांनी बाबांना पुढचा उन्हाळाही दिला नव्हता.

मूर्ती नाताळच्या देखाव्यासाठी इटलीत जायची होती, ग्रेच्चोला. तिथल्या गुहेत आठशे वर्षांपूर्वी संत फ्रान्सिसने खरा बैल आणि खरं गाढव आणून येशूजन्माच्या गव्हाणीचा देखावा मांडला होता.

"बाळ जन्मलं आपल्या गावात आणि देखाव्याचा मान त्यांना!" शेजारचा कारागीर गत्तास कॉफी घेऊन आला होता. "उस्ताद, द्या पाठवून अशीच. म्हणावं, इकडची माणसं अशीच तडकलेली असतात."

"तू आधी तुझे उंट सुधार. गिऱ्हाइकं कुत्री समजून नेतात."

गत्तास खो खो हसला. पण जाताना दारात थांबून हळूच म्हणाला, "पोरी, शेगडी लांब ठेव. उबेने उभी फाटेल ती."

सिहामने गॅसची शेगडी दाराशी सरकवली. दगडी खोली बघता बघता गारठली. तिने बाबांच्या पायांवर घोंगडी घातली, तर त्यांनी ती काढून मूर्तीभोवती गुंडाळली. चेहरा तेवढा उघडा ठेवला. डाव्या डोळ्याची पापणी कोरायची राहिली होती.

"बाबा, वाळलेल्या लाकडाची लहान करू या ना."

"लहान नको. गर्दीत पार मागे उभ्या असलेल्या म्हातारीलाही दिसली पाहिजे."

दुपारपर्यंत पापणी अर्धीच झाली. बाबांचे ओठ निळे पडले होते. पटाशी दोनदा हातातून निसटली. तिसऱ्यांदा पडली तेव्हा त्यांनी ती उचलली नाही.

सिहामने मूर्ती त्यांच्या मागच्या टेबलावर नेऊन ठेवली आणि शेगडी ओढत त्यांच्या पायांशी आणली. मूर्ती याहून लांब ठेवायला खोलीत जागाच कुठे होती! बाबांनी तिच्याकडे पाहिलं. नको म्हणाले नाहीत. दोन्ही हात जाळासमोर धरून बसले.

थोड्या वेळाने मागे टक्क असा आवाज झाला.

"फट कुठे पडली?" त्यांनी विचारलं.

सिहाम वळली. कपाळापासून हनुवटीपर्यंत चेहरा दुभंगला होता. बोट शिरेल इतका.

"पाठीवर," ती म्हणाली. "भिंतीकडे येईल ती बाजू. दिसायची नाही."

"बरं झालं."

ते हात शेकत राहिले. मान मात्र त्यांनी एकदाही मागे वळवली नाही.