तिसरी चीर

माझ्या हाताला गुण आहे असं आमच्या दवाखान्यात सगळे म्हणतात, आणि मीही ते कधी नाकारलं नाही. वीस वर्षं ड्रेसिंगच्या खोलीत काढलीत. गळू कच्चं की पिकलेलं, हे बोट लावून सांगते. म्हणून धाकट्या नणंदेच्या डाव्या स्तनात गाठ आली, तेव्हा सासूबाईंनी तिला आधी माझ्यापुढे बसवलं.

तिचं मूल दोन वर्षांचं, अंगावर पिणं कधीच सुटलेलं. दूध साठायचं कारणच नव्हतं. तरी मी म्हटलं, गळूच. आमचे डॉक्टरही तेच म्हणाले. जंतू मारायच्या गोळ्या सुरू केल्या, मग चीर देऊन पू काढला. महिन्याभरात शेजारी दुसरं उठलं. पुन्हा चीर, पुन्हा गोळ्या. पू दोन्ही वेळा तपासला, एकही जंतू निघाला नाही. तिथेच आमच्या मनात पाल चुकचुकायला हवी होती. पण छे! गोळ्यांनी मेले असतील म्हणालो आणि मोकळे झालो.

तिसऱ्या वेळी डॉक्टर रजेवर. धाकटी दुखण्याने रडकुंडीला आलेली. मला कुठला धीर? स्वयंपाकघरात खुर्चीवर बसवून मीच चीर दिली. आत मऊ मांसासारखं काही लागलं. ते खरवडलं, कापसात गुंडाळलं, टाकून दिलं. जखम स्वच्छ दिसली की आमचं काम संपतं, खरवड कोण बघतंय!

ती जखम चार महिने भरली नाही. शेवटी मोठ्या हॉस्पिटलात गेलो. तिथल्या सर्जनबाईंनी आडपडदा ठेवला नाही. कॅन्सर असू शकतो आणि तो निघाला तर बहुधा स्तन काढावा लागेल, म्हणाल्या. धाकटीने माझं मनगट घट्ट धरलं. मग बाईंनी विचारलं, ही तिसरी जखम कापलेली की आपोआप फुटलेली? आपोआप फुटली असेल तर काळजी जास्त.

"आपोआप," धाकटी खाली बघत म्हणाली. माझ्यासाठी खोटं बोलत होती वेडी.

"मी कापलंय," मी म्हटलं. "घरी."

"आतून निघालं ते कुठे आहे?"

"टाकलं."

त्यांनी लिहून घेतलं, बस्स. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. जाड सुईने तीन तुकडे काढून तपासायला पाठवले. पुढचे आठ दिवस घरात कोणाला जेवण गेलं नाही.

कॅन्सर नव्हता. टीबीही नव्हता. शरीर स्वतःच्याच स्तनाशी भांडत बसतं आणि आत सुजेच्या गाठी होतात, असा तो जुनाट आजार. जितकं कापावं तितकी नवी तोंडं फुटतात. यावर स्टिरॉइडच्या गोळ्या, हळूहळू कमी करत, कित्येक महिने. स्तन राहणार होता. धाकटी तिथेच हसत रडली. मीही रडले, पण मला हसू आलं नाही. मी टाकलेल्या त्या खरवडीत हे सगळं चार महिन्यांपूर्वीच दिसलं असतं, हे बाईंनी विचारल्यावर सांगितलं. विचारलं मीच होतं.

संध्याकाळी हात धुऊन मी ड्रेसिंगचं सामान घेऊन तिच्या खोलीत गेले. ती आरशासमोर बसली होती. तिने ट्रे माझ्या हातून शांतपणे काढून घेतला.

"वहिनी, तू नुसतं सांग. हात मी लावते."

आवाजात राग नव्हता. मी स्टुलावर बसले, हात मांडीवर ठेवले, आणि पहिल्यांदा काय करायचं ते तिला सांगू लागले.