तळ्याकाठचे फोटो

नवशिका संग्राहक ओळखणं सोपं असतं. त्याच्या घरात बिघडलेल्या वस्तू जास्त असतात आणि त्या वस्तूंबद्दल तो बोलतो त्याहून जास्त. एक्स-रेवाल्याचं अगदी तसंच झालं होतं. हॉस्पिटलात बावीस वर्षं लोकांच्या हाडांचे फोटो काढून झाले आणि ऐन पन्नाशीत गड्याला जुन्या सोव्हिएत कॅमेऱ्यांचं वेड लागलं.

सगळी खरेदी फोनवरून. पहिला कॅमेरा त्याने जर्मन म्हणून घेतला, तो निघाला सोव्हिएतच. कुणीतरी मूळ नाव खरवडून वर झोकात जर्मन नाव कोरलं होतं. दुसऱ्याच्या जाहिरातीत 'चालू स्थितीत' असं लिहिलेलं होतं, तो पुढे दाराला अडसर म्हणून बरा चालला. तिसऱ्याचं नुसतं कातडी कव्हर आलं. पण हा हटला नाही. शेल्फवर आठ कॅमेरे झाले तेव्हा बायको म्हणाली की या घरात माणसं दोन आणि डोळे बारा, मला स्वयंपाक करताना पाठीमागे बघत राहावं लागतं. ती शिवणकाम करायची, चेष्टाही टाका घातल्यासारखी बारीक करायची. त्याने ती मनावर घेतली नाही.

नववा कॅमेरा एका निवृत्त ग्रंथपालबाईंचा होता. दूरच्या कुठल्याशा लहान गावात त्या एकट्या राहत. फेड नावाचा साधा सोव्हिएत कॅमेरा, जुना, पण वरचं पॉलिश शाबूत. घेणारे आणखी दोघंतिघं होते आणि ते जास्त द्यायला तयार होते. एक्स-रेवाल्याने मग आपलं हुकमाचं पान टाकलं. त्याने लिहिलं की मी हॉस्पिटलात एक्स-रे काढतो, आयुष्यभर फिल्मच हाताळली आहे, तुमचा कॅमेरा जाणत्या हातात पडेल. फोनवरच्या भाषांतराने ते त्यांच्या भाषेत केलं. खरं तर त्याच्या विभागात बारा वर्षांपूर्वीच कॉम्प्युटर आला होता आणि तेव्हापासून त्याने फिल्मला बोटही लावलं नव्हतं. पण तेवढी बढाई कोण मारत नाही? बाईंचं उत्तर एका ओळीचं आलं: मग तो तुमचाच.

पार्सल रविवारी सकाळी आलं. कॅमेऱ्याच्या कव्हरात टाइप केलेला एक कागद घडी करून ठेवला होता. पावती असेल म्हणून त्याने तो बाजूला सारला. त्याला घाई होती ती पडद्याची. ज्या ऑनलाइन गटात तो बसून असायचा, तिथल्या जाणत्यांनी त्याला पढवून ठेवलं होतं की माल हातात पडला की पहिलं काम पाठ उघडायची, कॅमेरा खिडकीच्या उजेडात धरायचा आणि आतल्या, उजेड अडवणाऱ्या कापडी पडद्याला भोकं आहेत का बघायचं. भोकं असतील तर लगेच तक्रार. त्याने खालच्या दोन्ही किल्ल्या फिरवल्या, पाठ तळासकट खाली ओढून काढली आणि कॅमेरा लख्ख उजेडात धरला.

आत फिल्म होती.

दार लावा, फिल्म जाईल, असं तो उमेदीच्या दहा वर्षांत वॉर्डबॉयपासून मोठ्या डॉक्टरांपर्यंत सगळ्यांवर ओरडला होता. तोच माणूस आता उघडी फिल्म हातात घेऊन पुतळ्यासारखा बसला. चार सेकंद असतील, पाच असतील. मग त्याने धडपडत पाठ लावली आणि वर टॉवेल टाकला, जणू आता टॉवेलने काही होणार होतं. पाठ उघडण्याआधी फिल्म मागे गुंडाळायची कळ हलकेच फिरवून बघायची, ती अडली तर आत फिल्म आहे असं समजायचं, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. गटातल्या जाणत्यांना ते इतकं पाठ होतं की सांगायचं सुचलंच नसावं.

एवढं झाल्यावर त्याने तो कागद फोनपुढे धरला. बाईंनी तो टाइपरायटरवर लिहिला होता. आयुष्यभर ग्रंथालयाची कार्डं टाइप केल्यामुळे बोटांना अक्षरं पाठ आहेत, चुकलं असेल तर माफ करा, अशी सुरुवात होती. नजर गेल्याला दोन वर्षं झाली, आता आलेले निरोप फोन वाचून दाखवतो. कॅमेरा त्यांच्या नवऱ्याचा. छत्तीस वर्षांपूर्वी एका दुपारी तो त्यांच्या आठ वर्षांच्या मुलीला घेऊन गावाबाहेरच्या तळ्यावर गेला. बाई गेल्या नाहीत. सकाळी त्यांनी मुलीला काहीतरी क्षुल्लक कारणावरून मारलं होतं आणि मुलगी त्यांच्याशी बोलत नव्हती. होडी उलटली. दोघंही गेली. कॅमेरा काठावर पिशवीत सापडला, तो त्यांनी कधी उघडला नाही.

पुढचं त्याने दोनदा वाचलं. 'आत फिल्म आहे. तळ्यावरचे फोटो शेवटचे असतील. कुणाला द्यावा ते कळत नव्हतं, तुम्ही फिल्मचं काम करता म्हणून तुम्हाला दिला. फोटो पाठवू नका, मला दिसणार नाहीत. मला एवढंच सांगा, तळ्यावर ती हसत होती का.'

एक्स-रेवाल्याला भडभडून आलं. आपण एका बाईच्या छत्तीस वर्षांवर खिडकीतला उजेड ओतला, असं त्याने बायकोला सांगितलं, आणि ती शिवण बाजूला ठेवून त्याच्याशेजारी येऊन बसली. चेष्टा केली नाही.

तरी सगळंच गेलं असेल असं नव्हतं. फिल्म घट्ट गुंडाळलेली असते, उजेड वरच्या वेढ्यांना खातो, आतले कधी कधी वाचतात. त्याने औषधं मागवली आणि आठवड्याभराने जेवणाच्या सुट्टीत हॉस्पिटलातल्या जुन्या डार्करूमचं कुलूप काढलं. आता तिथे मोडक्या व्हीलचेअर ठेवत. त्या सरकवून त्याने मोरीपुढे जागा केली, दाराच्या फटी चिकटपट्टीने बुजवल्या आणि लाल दिवासुद्धा न लावता ठार अंधारात काम सुरू केलं. फिल्म सोडवताना ती पुन्हा पुन्हा सुरळी होऊन बोटांना धरून ठेवत होती. तिला बाहेर यायचं नाही, असं त्याला वाटून गेलं, आणि असलं काही मनात येणाऱ्यांपैकी तो नव्हता.

धुऊन झाल्यावर त्याने पट्टी एक्स-रे बघायच्या पांढऱ्या दिव्यावर धरली. सर्वात आतले अकरा फोटो आले होते. स्वयंपाकघराची खिडकी. खिडकीत मांजर. एक मुलगी कंगवा ओठांवर धरून मिशी असल्याचं सोंग करते आहे. फाटकाशी एक बाई, हात पुसत, कॅमेऱ्याकडे न बघता. मग कडेने काळं शिरायला लागलं, बाराव्या-तेराव्या फोटोत अर्ध्यावर आलं आणि तिथून शेवटपर्यंत पट्टी शाईत बुडवल्यासारखी काळी. तळं कुठेही नव्हतं. जे फोटो शेवटी काढले ते गुंडाळीत सगळ्यात वर होते, आणि नेमके तेच त्याने जाळले होते.

घरी आल्यावर नवराबायकोचं बराच वेळ बोलणं झालं. तो म्हणाला की खरं कळवून टाकतो. बायको म्हणाली, त्याने तिच्या पदरात काय पडणार? फोटो परत येणार आहेत का? एक म्हातारी आंधळी बाई एवढंच विचारते आहे की पोर हसत होती का. मिशा लावणारी पोर तळ्यावर गेल्यावर हसली नसेल होय?

"हसत होती म्हणून सांगा," ती म्हणाली. "तेवढ्याने त्या सुखाने झोपतील. आणि तुम्हीही."

माणसाला सोयीचं ते पटायला वेळ लागत नाही. त्याने लिहायला घेतलं. नुसतं 'हो, हसत होती' लिहिलं ते कोरडं वाटलं, चौकशी खिडकीवरच्या उत्तरासारखं. म्हणून त्याने थोडं भरलं. तळ्याकाठी लाकडी धक्का आहे, लिहिलं. धक्क्यावर दोघं बसली आहेत. तिने बाबांच्या खांद्यावर हात टाकला आहे, दोघांचे पाय पाण्यात आहेत आणि दोघंही खळखळून हसत आहेत. लिहिताना त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. आपण काहीतरी चांगलं करतो आहोत असं त्याला मनापासून वाटलं, हे कबूल केलं पाहिजे. त्याने ते पाठवून दिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी, घरात कुणी बोलत नसताना, शेल्फवरून खट्ट असा आवाज आला. फेडच्या आतला पडदा सुटला होता. कारण त्याला माहीत होतं. आतलं जुनं वंगण घट्ट झालं की कळ दाबल्यावर पडदा अडकतो आणि मग तासाभराने, कधी दिवसाने, आपला आपण सुटतो. हे त्याने बायकोला समजावून सांगितलं. बायकोने विचारलं की तुम्ही कळ दाबली कधी. ते काही केल्या त्याला आठवेना. त्या दिवसापासून ती त्या खोलीत शिवायला बसेनाशी झाली, आणि तोही जाता-येता शेल्फकडे पाठ करायचं टाळू लागला.

बाईंचा निरोप चौथ्या दिवशी आला. त्यांनी आभार मानले होते. ते ऐकून आपण खूप रडलो, निरोप फोनकडून वीसपंचवीस वेळा वाचून घेतला, असं लिहिलं होतं. मग एक ओळ मोकळी सोडून पुढे लिहिलं होतं:

'दोघंही फोटोत आहेत. मग फोटो कुणी काढला?'

एक्स-रेवाल्याने ती ओळ पुन्हा वाचली. घरात नऊ कॅमेरे. कुठल्या कॅमेऱ्याचा कुठला स्क्रू कुठल्या साली बदलला हे त्याला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. या फेडला आपोआप फोटो काढणारी कळ नाही, हेही. आणि फोटो काढायला कॅमेऱ्यामागे माणूस लागतो, एवढं त्याला सुचलं नव्हतं.

काय उत्तर द्यावं या विचारात त्याने दिवस घालवला, तेवढ्यात दुसरा निरोप आला. हा लांबलचक होता. छत्तीस वर्षं मी नवऱ्याला दोष देत आले, बाईंनी लिहिलं होतं. तो एकटा होता, त्याने तिच्याकडे लक्ष दिलं नाही, असंच धरून चालले. त्याच्या थडग्यावर कधी गेले नाही. पण तिथे तिसरं माणूस होतं तर मग त्याने आरडाओरडा का केला नाही? गावात येऊन सांगितलं का नाही? आमच्याकडचा कॅमेरा नवरा फक्त एका माणसाच्या हातात द्यायचा, त्याच्या भावाच्या. दीर तेव्हा म्हणाला होता की मी त्या दिवशी गावात नव्हतो. तो आता ऐंशीचा आहे आणि दोन गल्ल्या पलीकडे राहतो. इतकी वर्षं दर हिवाळ्यात तो माझी लाकडं फोडून देतो. का देतो, ते मला आत्ता कळलं.

बायकोने तो निरोप वाचला. "आत्ताच्या आत्ता खरं सांगा," ती म्हणाली. "माझं चुकलं. माझं नाव घाला हवं तर."

त्याने काही राखून ठेवलं नाही. पाठ उघडली ते लिहिलं, खिडकी लिहिली, चार-पाच सेकंद लिहिले. आलेले अकरा फोटो एकेक करून सांगितले, मांजर, मिशा आणि फाटकातली बाई. तळ्याचा एकही फोटो नाही, धक्का मी मनाने लिहिला, खांद्यावरचा हात मनाने लिहिला. तिथे तिसरं कुणी नव्हतं. तुमच्या दिराला काही बोलू नका. मी तुमचा गुन्हेगार आहे, त्यांचा काही दोष नाही. फिल्मचा फोटो जोडायला त्याने तो काढलाही, आणि मग त्याच्या लक्षात आलं की काळी पट्टी जिला दाखवायची तिला काहीच दिसत नाही.

उत्तर तासाभरात आलं.

'तुम्ही भले आहात. मला त्रास होऊ नये म्हणून आता फोटोच नव्हते म्हणता, आणि स्वतःवर घेता. पण तळ्यावर लाकडी धक्का होता. तो त्याच वर्षी पाडला. तुम्ही इतक्या लांब राहता, तुम्ही तो फोटोत बघितल्याशिवाय कसा सांगाल? तिची सवयही होती, बसली की बापाच्या खांद्यावर हात टाकायची. मला आता काही वाटणार नाही. फक्त खरं सांगा. धक्क्यावर फोटो काढणाऱ्याची सावली पडली असेल. उंच होता का? दिराकडे जायला मी कोट घातला आहे, तुमच्या उत्तराची वाट पाहते आहे.'

तळं म्हटल्यावर धक्का आलाच, असा सगळ्या जगात असतो, लेक बापाजवळ बसली की हात टाकतेच, हे त्याने लिहिलं. पुन्हा लिहिलं. भाषांतर नीट होत नसेल म्हणून सोप्या शब्दांत लिहिलं: तिथे कुणी नव्हतं. मग त्याने पट्टी काढली, ट्यूबलाइटपुढे धरली आणि त्या काळ्या चौकोनांतून डोळे ताणून बघायला लागला. बायकोने विचारलं, काय शोधताय? तो धक्क्यावर सावली शोधत होता.

तिकडे फोनने बाईंना सगळे निरोप वाचून दाखवले असणार. उत्तर आलं नाही.