थेंबबाबाची पुडी

हे कोणाला पटायचं नाही, आधीच सांगून ठेवतो. पण लापशी शिजायला अजून अर्धा तास आहे. तुमच्या वाट्या रिकाम्या आहेत आणि माझं तोंड मोकळं आहे. तेव्हा ऐका.

याच बटणांच्या कारखान्याच्या वसाहतीत, याच पटांगणात, एका रविवारी एवढी गर्दी जमली होती की एकाला शिंक आली तर पुसायला शेजाऱ्याचा रुमाल घ्यावा लागला. स्वतःच्या खिशात हात घालायलाही जागा नव्हती. मंचावर उभा होता थेंबबाबा. अंगात पांढरा झगा, गळ्यात काचेची इवलीशी कुपी.

"माझ्याकडे जादू नाही!" बाबा गरजला. "माझ्याकडे फक्त सत्य आहे. आणि ते थेंबाथेंबानेच मिळतं, बादली घेऊन येऊ नका!"

त्याने पावाच्या तुकड्यावर कुपीतला तपकिरी थेंब टाकला. पाव शाईसारखा काळानिळा झाला. भातावर टाकला, भात काळा. उकडलेल्या बटाट्यावर टाकला, तोही काळा.

"विष! रोज तुमच्या हाताने लेकरांच्या तोंडात घालता ते हे!"

मग त्याने वाटीत कालवून आणलेली 'शुद्धिपूड' चमचाभर त्याच पावावर ओतली. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत काळा डाग विरत गेला आणि पाव पुन्हा पांढरा झाला. पुढच्या रांगेतली एक आजी तर उभ्या उभ्या रडायलाच लागली.

गर्दीच्या मागे पळीमावशी उभी होती. कारखान्यात बटणांना भोकं पाडणाऱ्या बायकांची पोरं दुपारी जेवायची ती हिच्या स्वयंपाकघरात. वीस वर्षं हातातली पळी सुटली नाही, म्हणून हे नाव पडलं. लोक तिच्या लापशीला नावं ठेवायचे. "काय मावशी, पाण्यात पीठ की पिठात पाणी?" पण त्या पातळपणातच तिचं सगळं डोकं होतं. धान्य आणि डाळ ती भिजवायची, मोड आणायची, वाळवायची, मंद भाजून दळायची. मोडाच्या पिठाची लापशी घट्ट होत नाही, त्यामुळे त्याच वाटीत दुप्पट पीठ मावतं आणि लहान पोटात उतरतं. साध्या पिठाच्या घट्ट गोळ्याने पोराचं पोट चार घासांत भरतं, अंगाला मात्र काही लागत नाही. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. पातेली खरवडता खरवडता आणि पोरांचं उष्टं बघता बघता तिला ते कळलं होतं.

नर्सबाई महिन्याला येऊन पोरांचा दंड किती भरला ते मोजायला रंगीत फीत लावायच्या; लाल म्हणजे पोर खंगलेलं, हिरवं म्हणजे ठीक. यंत्रावर काम करणाऱ्या एका बाईची चिमणी नावाची पोर वर्षापूर्वी फितीच्या लाल पट्ट्यात होती. मावशीच्या लापशीवर ती लालातून पिवळ्यात आली आणि हिरव्याच्या उंबरठ्याशी पोचली. त्या दिवशी मावशीने फितीलाच हळदीचं बोट लावलं होतं म्हणतात. मी पाहिलं नाही, पण मला पटतं.

तर मंचावर बाबा म्हणाला, "आता या वसाहतीच्या स्वयंपाकघरातलं अन्न आणा."

वाटी घेऊन जो पुढे आला त्याला पाहून मावशीचा हात पदरातच थांबला. तो तिचा धाकटा भाऊ होता. स्वयंपाकघराची कोठी तोच सांभाळायचा. पोरं त्याला मामा म्हणत.

"मी रोज आत असतो," मामा माइकमध्ये म्हणाला, ताईकडे न बघता. "मला माहीत आहे काय शिजतं ते."

थेंब पडला. लापशी काळी झाली.

गर्दीने वळून मावशीकडे पाहिलं. कोणी शिवी दिली नाही. शिवी दिली असती तर तिला बरं वाटलं असतं.

घरी येऊन तिने पातेलं घासलं. पुन्हा घासलं. वीस वर्षं मी पोरांना विष घातलं? हा प्रश्न काही घासून जाईना. दुसऱ्या दिवशी रांगेत सातच पोरं होती. बाकीची बाबाच्या 'एकवीस दिवसांच्या शुद्धी'वर. दिवसातून तीनदा चिमूटभर पूड कोमट पाण्यात, शिजवलेलं अन्न बंद.

बाराव्या दिवशी चिमणीची आई मागच्या दाराने आली. चिमणी कडेवर होती, मान खांद्यावर टाकलेली.

"मावशी, नर्सबाईंनी फीत लावली. पुन्हा लाल. बाबा म्हणतो, विष बाहेर पडतंय. माझी पोर बाहेर पडतेय हो, विष नाही."

"काय देतेस?"

आईने पुडी पुढे केली. मावशीने ती उघडली आणि नाकाशी नेली. मंद भाजणीचा वास. तिने चिमूट बोटांवर चोळली. मग पुडीच्या तळाशी तिला सुकलेल्या तमालपत्राचा नखाएवढा तुकडा सापडला.

पिठाला कीड लागू नये म्हणून प्रत्येक डब्यात ती तमालपत्र चुरून टाकायची. कोठीला किल्ल्या दोनच. एक तिच्या कमरेला, दुसरी मामाकडे.

तिने आधी लापशी गरम केली, चिमणीला चमच्या-चमच्याने भरवली, आणि मग चालत नर्सबाईंच्या दवाखान्यात गेली.

"बाई, तपकिरी औषध, जे जखमेला लावता ते द्या. बाबाचा थेंब अगदी त्याच रंगाचा होता. आणि एक पाव. आणि लिंबू, डाग त्यानेच जातात."

नर्सबाईंनी थेंब टाकला. पाव काळा. लिंबू पिळलं. डाग विरला.

"यात आयोडीन असतं," नर्सबाई म्हणाल्या. "धान्यात, बटाट्यात पिष्ट, म्हणजे स्टार्च असतं, त्याला आयोडीन लागलं की काळंनिळं होतं. लिंबातलं क जीवनसत्त्व तो रंग काढून घेतं. विषाबिषाचा काही संबंध नाही, मावशी. तुम्ही वीस वर्षं जेवणच वाढलंत."

मावशी तिथल्या बाकावर बसली आणि पदराने डोळे पुसले. मग म्हणाली, "रविवारी याल का?"

रविवारी पटांगण पुन्हा भरलं. मावशी थेट मंचासमोर गेली.

"बाबा, एक थेंब माझ्या सांगण्यावरून टाका. तुमच्याच पुडीवर."

"पुडी मंतरलेली आहे. तिची परीक्षा घेणं पाप आहे."

"पावाची घेतली तेव्हा पाप नव्हतं?" मागून कोणीतरी ओरडलं. हशा पिकला.

"आज थेंबांना विश्रांती आहे!"

"तुमच्या थेंबांना रविवारची सुट्टी असते काय?" नर्सबाईंनी पिशवीतून स्वतःची बाटली काढली. चिमणीच्या आईने आपली पुडी बशीत ओतली आणि थेंब स्वतःच्या हाताने टाकला.

शुद्धिपूड काळीकुट्ट झाली.

मग नर्सबाईंनी मंचावरची बाबाची वाटी उचलून बोट बुडवलं आणि चाखलं. "पिठीसाखर आणि लिंबाचा रस! दाखवायला ही, आणि वाटायला दुसरी."

"अदलाबदल केली आहे!" मामा पुढे धावला. "पुडी ताईनेच बदलली. तिला बाबांचं बघवत नाही!"

मावशीने मुठीतला तमालपत्राचा तुकडा त्याच्यासमोर धरला. चिमणीच्या आईपाठोपाठ इतर बायकाही पुड्या उघडू लागल्या. कोणाच्या पुडीत पान निघालं, कोणाच्या देठ.

"माझंच पीठ नेलंस," मावशी म्हणाली. आवाज चढला नव्हता. "पोरांच्या पातेल्यातलं काढून चिमूट चिमूट करून वाटलंस. का रे?"

"सगळे तुझंच नाव घेतात," मामा पुटपुटला. "पोती मी वाहतो. बाबांनी मला मंचावर खुर्ची दिली."

"खुर्ची हवी होती तर मला सांगायचंस. मी स्टुलावर बसले असते."

एवढ्यात थेंबबाबा मागच्या बाजूने झगा गोळा करून असा पळाला की त्याची सावली तासाभराने त्याच्या मागून गेली. आणि मामाने ताईचे पाय धरले, ताईने त्याला उठवलं, पोटाशी धरलं, म्हणाली, झालं गेलं विसर; आणि दोघं बहीणभाऊ एकाच ताटात पोटभर...

"खोटं!"

पातेल्यामागून आवाज आला. पळी कडेवर आपटली गेली.

"आजोबा, बाबाच्या सावलीपर्यंत मी ऐकून घेतलं. हे नाही. त्याने पाय धरले नाहीत आणि मी पोटाशी धरलं नाही. कोठीची दुसरी किल्ली आता चिमणीच्या आईकडे आहे. तो रांगेत आला तर वाटी भरून देते, कारण भूक सगळ्यांना सारखीच. पण बोलत नाही." तिने वाफ बाजूला सारली. "पोरांना गोड शेवट सांगू नका. त्यांना एवढंच सांगा, कोणी थेंब टाकून घाबरवलं तर तोच थेंब त्याच्या पुडीवर टाकायला सांगायचं. तो माणूस घरचा असला तरी."

मग ती पळी उचलत म्हणाली, "चला, वाट्या पुढे करा. शिजली."