रेघेबाहेरचं पहिलं घर

आमच्या गावात वर्षातले सात महिने पाऊस पडतो आणि उरलेले पाच महिने लोक पावसाबद्दल बोलतात. मी पूर-कचेरीत नकाशे काढतो. समुद्र खवळला, खाडी फुगली, तर पाणी कुठवर येईल ते निळ्या शाईनं रंगवायचं आणि त्या निळ्याच्या कडेनं एक काळी रेघ ओढायची. बावीस वर्षं हेच केल्यामुळे असेल, जेवणानंतर खुर्चीत डुलकी लागली तरी मला स्वप्न निळंच पडतं. त्यात सगळं गाव पाण्याखाली असतं आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही. बायका पाण्यातच कपडे वाळत घालतात, पोस्टमन सायकलवरून संथपणे तरंगत जातो. मला ते स्वप्न आवडतं, उगाच नाही कशाला म्हणू? जागेपणीचं गाव इतकं शहाण्यासारखं कधी वागत नाही.

माझ्या रेघेवर लोकांचा भारी विश्वास. छापील नकाशा प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी टांगलेला असतो. वादळाचा इशारा आला की रेघेच्या आतली माणसं उठून रेघेबाहेरच्या पहिल्या घरी जातात आणि त्या घरानं दार उघडं ठेवायचं, अशी इथली रीत. कुणी ठरवली नाही, पडत गेली. हल्ली लग्न जुळवतानासुद्धा घर रेघेच्या आत की बाहेर, ते आधी विचारतात.

त्या दिवशी सकाळी इशारा आला. संध्याकाळच्या भरतीला वादळ किनाऱ्याला लागणार होतं. साहेबांनी गल्लीवार याद्या माझ्या टेबलावर आणून टाकल्या. कोणत्या गल्लीतले किती जण कोणत्या घरी जाणार, ते नकाशाशी ताडून शिक्का मारायचा, एवढंच काम. मी धडाधड शिक्के मारत सुटलो आणि नवव्या यादीवर हात थांबला. होडीवाल्यांची गल्ली. माणसं तेवीस, त्यात चार लहान मुलं. घर शिवणवाल्या बाईंचं.

त्या बाई म्हणजे माझी थोरली बहीण. आणि ते घर रेघेबाहेर नव्हतं.

सहा वर्षांपूर्वी मेहुणे गेले. ताईनं शाळेचे गणवेश शिवून शिवून त्या जागेवर भिंती उभ्या केल्या. भिंती खिडकीच्या उंचीला आल्या आणि नेमका तेव्हाच नवा नकाशा माझ्या हाताखाली आला. रेघेच्या आत बांधकामाला परवानगी नाही. मोजणी चोख होती, रेघ ताईच्या घराच्या मागून जात होती, म्हणजे घर निळ्यात होतं. मी ती पुढून नेली. कागदावर अर्ध्या नखाएवढं वळण. आपल्या माणसासाठी एवढं तर कुणीही करतं, असं मनाशी म्हणालो आणि घरी जाऊन गाढ झोपलो. पुढे दोनदा इशारे आले, दोन्ही वेळा वादळ दुसरीकडे वळलं आणि गल्ली ताईकडे चहा पिऊन आपापल्या घरी गेली. मी ते वळण विसरलो होतो असं म्हटलं तर खोटं होईल. विसरल्याचं सोंग चांगलं वठलं होतं.

ताईचा फोन लागेना. यादी तशीच सोडून मी निघालो.

बाहेर पाऊस थांबला होता. आभाळ पिवळसर झालं होतं आणि त्या उजेडात भिंती, तारा, भिजलेली मांजरं, सगळं जरा जास्तच स्पष्ट दिसत होतं. वारा नव्हता. गटारांच्या तोंडांतून मात्र समुद्राचा आवाज वर येत होता, जमिनीखाली कुणीतरी मोठा श्वास घेत असावं तसा. लोक गाद्या, घड्याळं, कुकर घेऊन रस्त्यानं चालले होते. कुणी घाईत नव्हतं. एका बाईनं आरसा पोटाशी धरला होता, त्यात आभाळ हलत होतं. बेकरीवाला मला बघून हसला आणि म्हणाला, "साहेब, तुमच्या रेघेमुळे निवांत आहोत." क्षणभर मला वाटलं, मी माझ्या स्वप्नातच चालतोय आणि पाणी कधीच आलंय, फक्त दिसत नाहीये. भीती वाटली. चांगलीच वाटली.

ताईचं दार सताड उघडं होतं. मशीन भिंतीला सरकवलं होतं, कापडाच्या गठ्ठ्यांवर म्हातारी माणसं टेकली होती, एक तान्हं मूल अर्धवट शिवलेल्या गणवेशांवर झोपलं होतं. ताई कपबशा मोजत होती.

"ये रे रेघोट्या!" लहानपणी मी भिंतींवर रेघा ओढायचो, तेव्हापासून तिनं मला हेच नाव ठेवलंय. "आज कचेरीला सुट्टी दिलीस की कचेरीनं तुला?"

"ताई, सगळ्यांना घेऊन टेकडीवरच्या शाळेत चल. आत्ता."

"कशाला? आम्ही रेघेबाहेर आहोत. तुझीच रेघ ना?"

खोलीतले सगळे माझ्याकडे बघत होते.  मग ते झोपलेलं मूल दिसलं आणि मी बोलून गेलो, "रेघ खोटी आहे. खरी तुझ्या घरामागून जाते. इथे कमरेच्या वर पाणी येईल, जोर असला तर छातीपर्यंत."

कोपऱ्यातले निवृत्त मास्तर चष्मा पुसत म्हणाले, "मोजणीत काही चूक राहिली असेल हो. माणूस आहे, होतं असं."

भला माणूस मला वाट काढून देत होता. घ्यावीशी वाटली, का नाही वाटणार? 

"चूक नाही मास्तर. मी मुद्दाम वळवली. हिला घर बांधता यावं म्हणून."

ताईनं हातातली कपबशी खाली ठेवली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "उठा सगळे," ती म्हणाली, "पोरांना कडेवर घ्या. मास्तरांना दोघांनी धरा." दारातून बाहेर पडताना तिनं तेवीस डोकी मोजली, मग पुन्हा एकदा मोजली. दोन्ही वेळा तिनं मला मोजलं नाही.

वादळ ठरल्या वेळी आलं. शाळेच्या व्हरांड्यातून आम्हाला खाडी दिसत होती आणि मग ती खाडी राहिली नाही. पाणी आवाज न करता गल्लीत शिरलं. नकाशावर दिवे नसतात, इथे खालच्या घरांत चालू राहिलेले दिवे पाण्याखाली थोडा वेळ जळत राहिले. इतकं सुंदर दिसत होतं की मला स्वतःची लाज वाटली. ताईच्या घराचा उंबरठा बुडाला, मग अर्धं दार बुडालं, पाणी खिडकीला लागलं. तान्ह्या मुलाची आई ते बघत होती. मूल तिच्या खांद्यावर होतं आणि ती त्याला इतकी घट्ट धरून होती की ते रडायला लागलं.  

बऱ्याच वेळानं ताई माझ्याशेजारी येऊन बसली. पदर पिळला.

"मी तुझ्याकडे घर मागितलं होतं?"

"नाही."

"नसतं झालं घर तर भाड्यानं राहिले असते. मशीन कुठेही चालतं." ती खाली बघत राहिली. "ही सगळी माणसं मी हाका मारमारून बोलावली होती रे. या, या, माझ्याकडे या, म्हणून."

मी रडत होतो. पन्नाशीचा माणूस, व्हरांड्यात, सगळ्यांच्या देखत.

"उद्या साहेबांना सांग," ती म्हणाली. "आणि रेघोट्या, माझ्यावर इतकी माया पुन्हा करू नकोस."

असं म्हणून ती तिथून उठली मात्र नाही.