कागदावर चेपलेली फियाट

मोतीराम नरवाडे यांनी ती फियाट विकत घेतली तेव्हा तिच्या मागच्या सीटवर कोंबडी अंडी घालत होती. डोणगावातल्या कापसाच्या एका बंद पडलेल्या जिनिंगच्या मागे, बाभळीखाली, गाडी चार वर्षं उभी होती. मोतीराम त्या वेळी एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते. दोन वर्षांच्या सगळ्या सुट्ट्या त्यांनी तिच्याखाली पडून काढल्या. डॅशबोर्ड सडला होता, तिथे सागवानी पलंगाची फळी कापून बसवली. रेडिएटर गळत होता, त्यावर बदामाएवढा पितळेचा तुकडा झाळला. सीटची कव्हरं बायकोने, गीताबाईंनी, घरच्या मशीनवर दुहेरी शिलाईने शिवली. रेक्झिन जाड होतं, सात सुया मोडल्या.

त्यानंतर ती दुधी रंगाची गाडी एकोणतीस वर्षं चालली. लोणारला, मेहकरला, शेगावला. डोणगावातल्या निम्म्या बाळंतिणी तिच्यातून दवाखान्यात गेल्या असतील.

नोंदणीचं नूतनीकरण आलं तेव्हा गाडी सेहेचाळीस वर्षांची होती आणि मोतीराम एकाहत्तर. त्यांचे मित्र उत्तमराव जानेफळचे. त्यांच्याकडे एकसष्ट सालची मोटार आहे, वडिलांच्या वेळची. पन्नास वर्षं उलटल्यामुळे तिला ‘विंटेज’ म्हणून वेगळी पाटी मिळाली होती. तिला प्रदर्शनात नेता येतं, पण शेतात डबा घेऊन जाता येत नाही.

“चार वर्सं दम धर मोतीराम,” उत्तमराव म्हणाले. “पन्नास भरले का तुही गाडी वारसा होते.”

“आन आज काय हाये?”

“आज भंगार.”

“लोखंड तेच, इंजिन तेच. चार वर्सांत तिले काय शिंगं फुटनार हायेत?”

“मले नको इचारू. माही तं नवसाची मूर्ती झाली. झाकून ठेवतो आन दसऱ्याले पुजतो.”

तपासणीला गाडी नेली त्या दिवशी फाटकाबाहेर एक पोरगा पत्रकं वाटत होता. ‘जुनी गाडी द्या, हवा शुद्ध करा.’ त्याच्या मागे एक टँकर सुरूच ठेवलेला, काळा धूर ओकत होता. मोतीरामांनी पत्रक घेतलं, त्यानेच नाकावर वारा घेतला. फियाट ब्रेकमध्ये पास झाली, धुरात काठावर पास झाली. तपासणाऱ्याने बॉनेट उघडून पाहिलं आणि म्हणाला, “काका, मेहनत दिसते. पण पुढच्या बारीले पार्ट कुठून आणसान?”

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. क्लचची प्लेट मिळवायला त्यांना आठ महिने लागले होते, आणि गुडघे आता गाडीखाली शिरू देत नव्हते.

त्याच महिन्यात मुलगा गोपाल बुलढाण्याहून आला. त्याला नवी गाडी घ्यायची होती.

“बाबा, जुनी गाडी जमा केल्याचं प्रमाणपत्र असलं का नव्या गाडीच्या करात सूट भेटते. कंपनीवाले बी काही कमी करतात. तुमची गाडी तशीबी उभीच राह्यते.”

“उभी काऊन राह्यते? काल लोणारले जाऊन आलो मी.”

“अन रस्त्यात दोन घंटे बसले. आईनं सांगितलं मले.”

 गोपाल पुढे म्हणाला की जुन्या गाड्या मोडणाऱ्या आवारात गाडीचा अपमान होत नाही. तेल काढतात, मशीनमध्ये चेपतात, लोखंड भट्टीत जातं, वितळून नवं पोलाद होतं. ही गोष्ट मात्र मोतीरामांना पटली. आयुष्यभर लोखंडात हात घातलेला माणूस. जमिनीत सडत पडण्यापेक्षा भट्टीत जाणं बरं, असं त्यांना वाटलं. त्यांनी सही केली. कुणी हात धरून करवली नाही, हे ते पुढे प्रत्येकाला सांगत.

गाडी त्यांनी स्वतः चालवत नेली. हायवेला लागून मोठं आवार होतं, पत्र्याचं कुंपण, आत गाड्यांची रांग. त्यांनी तिथल्या मॅनेजरला एकच विनंती केली: “माह्यासमोर चेपा.”

“आज मशीन बंद हाये काका. फोटो पाठवतो नं.”

आठ दिवसांनी फोनवर फोटो आला. चेपून केलेला पत्र्याचा एक चौकोनी ठोकळा, त्यात दुधी, लाल, निळे तुकडे. मोतीरामांनी तो गीताबाईंना दाखवला. त्यांनी पदराने फोनची काच पुसली, बराच वेळ पाहिलं.

“यात आपली कोनती हो?” त्यांनी विचारलं.

मोतीरामांनी दोन बोटांनी फोटो मोठा केला आणि दुधी तुकडे मोजू लागले.

वैशाखात गीताबाईंच्या भाच्याचं लग्न लोणार रस्त्यावरच्या एका लॉनवर होतं. ऊन रणरणत होतं. फाटकापाशी वाजंत्री वाजू लागली आणि लोक सरकले. नवरदेव उघड्या मोटारीतून येत होता. मोटार सोनेरी रंगाची, पुढे फायबरचे दोन मोर, डिकीत भोंगे, आणि छप्पर कापून काढलेलं. मागून रॉकेलच्या वासाचा निळा-काळा धूर निघत होता आणि वऱ्हाडातल्या बायका नाकाला पदर लावून चालत होत्या.

मोतीराम मंडपात पाणी पीत होते. मोटार जवळून गेली तेव्हा त्यांना इंजिनाचा आवाज ऐकू आला. तिसऱ्या सिलिंडरची ती ओळखीची किंचित टिकटिक. ग्लास हातातच राहिला.

ते पुढे गेले. सोनेरी रंगाच्या खाली डॅशबोर्डवर सागवानी फळी होती. सीटवर मखमल ठोकली होती. एका कोपऱ्यात ती उचकटली होती आणि खाली रेक्झिनवरची दुहेरी शिलाई दिसत होती. छप्पर करवतीने कापलेलं, कडा तशाच ठेवलेल्या, त्यावर थर्माकोलची फुलं चिकटवलेली.

“थांबव,” मोतीराम ड्रायव्हरला म्हणाले.

“आजोबा, बाजूले व्हा, नवरदेव हाये.”

“थांबव म्हनतो मी!”

वाजंत्री थांबली. मोतीरामांनी मोरांच्या मधून हात घालून बॉनेट उघडलं. रेडिएटरवर बदामाएवढा पितळेचा तुकडा होता. चेसिसवर जिथे नंबर कोरलेला असतो, तेवढाच तुकडा, गाडी नष्ट केल्याचा पुरावा म्हणून, गॅसकटरने कापून काढला होता. कसायाने बिल्ला ठेवण्यासाठी कान कापून घ्यावा तसा. बाकी सगळं जनावर विकलं होतं.

 ते मान वळवून मंडपाच्या खांबाला धरून उभे राहिले. नवरदेवाचे काका ओरडत होते, कुणी “मुहूर्त, मुहूर्त” म्हणत होतं. गीताबाई गर्दीतून आल्या. त्यांनी सीटच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं, शिलाईवरून फिरवलं आणि हात मागे घेतला, जसा उष्ट्या ताटाला लागला असावा.

मोटार भाड्याने देणारा हरिओम जवळच होता. लग्नाच्या सजावटीचा त्याचा धंदा. तो घाबरला नाही.

“काका, मी चोरी नाही केली. आवारातून बिलावर घेतली. भंगार लोखंड म्हनून. माह्यापाशी कागद हाये.”

“लोखंड रस्त्यावर चालते काय?”

“रस्त्यावर कुठं? हे सजावटीचं सामान हाये. टेम्पोवर आनतो, फाटकापासून स्टेजपर्यंत चालवतो. असे चार नग हायेत माह्याकडं. लोकायले आवडते काका. विंटेज म्हनून फोटो काढतात.”

“विंटेज,” मोतीराम म्हणाले. “चार वर्सं कमी पडले म्हनून मी देऊन टाकली. अन तू तिचं डोस्कं कापून तिले विंटेज केली?”

हरिओमने खांदे उडवले आणि ड्रायव्हरला खूण केली. वाजंत्री पुन्हा सुरू झाली. मोतीराम जेवले नाहीत. 

संध्याकाळी गोपालचा फोन आला. त्याच्यापर्यंत बातमी गेली होती.

“बाबा, तक्रार करू नका. गाडी आता आपली नाही राह्यली.”

“मले म्हाईत हाये.”

“प्रमाणपत्र माह्या नव्या गाडीले लागलं. चौकशी झाली तं माही सूट रद्द होईल.”

“तं पुरा कर भर तू.”

“अन तुमाले काय भेटनार?”

“मले काहीच नाही भेटनार, गोपाल. मले त्या पत्रकात हवेसाठी गाडी मागितली होती. हवा शुद्ध कराले. मी देली. आता तीच गाडी रॉकेल पेऊन वऱ्हाड्यायच्या तोंडावर धूर मारून राह्यली, अन कागदावर चेपेल हाये. ज्यानं ते केलं त्याची मले किळस येते. अन सही माही हाये, म्हून माहीबी येते.”

दुसऱ्या दिवशी ते अर्ज घेऊन आरटीओच्या कार्यालयात गेले. खिडकीतल्या कारकुनाने नंबर टाकला आणि स्क्रीन पाहिली.

“काका, ही गाडी नष्ट झाली. नोंद रद्द हाये. नष्ट झालेल्या गाडीची तक्रार कशी घेऊ?”

“नष्ट झालेली गाडी काल लग्नात होती.”

“ते तुम्ही म्हनता. सिस्टम नाही म्हनत.”

तीन खेपा झाल्या. चौथ्या वेळी उत्तमराव सोबत आले. ते पांढऱ्या टोपीत साहेबांच्या खोलीत थेट शिरले आणि उठायचं नाव घेईनात. साहेब तरुण होता, वैतागलेला होता, पण त्याने अर्ज नीट वाचला. शेवटची ओळ त्याने दोनदा वाचली: ‘या गाडीच्या प्रमाणपत्राचा फायदा माझ्या मुलाने घेतला आहे. त्याचीही चौकशी करावी.’

“हे लिहायची गरज नव्हती,” साहेब म्हणाला.

“होती,” मोतीराम म्हणाले.

पंधरा दिवसांनी कार्यालयाने हरिओमच्या गोदामातून चारही मोटारी उचलल्या. आवाराला नोटीस गेली. साहेबाने मोतीरामांना बोलावून सांगितलं की गाडी त्यांना परत मिळू शकत नाही. रद्द झालेली नोंद जिवंत करायची तरतूद नाही. चारही गाड्या दुसऱ्या जिल्ह्यातल्या केंद्रावर जातील.

“तिथं मी येतो,” मोतीराम म्हणाले. “खाली येनारं मशीन पाह्याचं मले.”

ते गेले. उत्तमरावही गेले. फियाट मशीनखाली ठेवली तेव्हा मोर अजून तसेच होते. कामगाराने विचारलं, ते काढू का? मोतीरामांनी नको म्हणून मान हलवली. वरची जाड पाटी सावकाश खाली आली. काच फुटली, मोरांच्या माना मोडल्या, सोनेरी रंगाचे पोपडे उडाले आणि खालचा दुधी रंग क्षणभर दिसला. मोतीरामांना वाटलं होतं डोळ्यात पाणी येईल. पाणी आलं नाही.  ठोकळा बाहेर पडेपर्यंत ते हलले नाहीत.

गोपालची सूट गेली नाही. गाडी देणाऱ्याची चूक नाही, असं पत्र त्याला आलं. आधीच्या आवाराला दोन महिने टाळं होतं; मग मॅनेजरच्या मेव्हण्याच्या नावाने ते उघडलं. तपासणीच्या फाटकाबाहेर पुन्हा त्याची पत्रकं सुरू झाली. हे मोतीरामांना पेपर टाकणाऱ्याने सांगितलं तेव्हा ते अंगणात दात घासत होते. ते जोरात थुंकले आणि बराच वेळ चुळा भरत राहिले.

दिवाळीनंतर उत्तमराव आले. त्यांच्या शेतात सत्त्याऐंशी सालची जीप होती. त्यांचा मुलगा ती भंगारात द्यायला निघाला होता.

“देऊ का नको, सांग,” त्यांनी विचारलं.

“जीप चालते का?”

“चालते. धूर मारते.”

“किती?”

“लय.”

 “मंग दे. धूर मारते ते खरं हाये, ते खोटं काऊन बोलाव? पन चेपल्याबिगर आवारातून हलू नको. मशीन बंद हाये म्हनले तं गाडी घेऊन वापस ये.”

“अन मशीन दहा दिवस बंद राह्यलं तं?”

“दहा खेपा मार. मी येतो संग.”

गीताबाई चहा घेऊन आल्या. उत्तमरावांनी बशीत चहा ओतला आणि विचारलं, जीपचे टायर आधीच काढून ठेवले तर चालेल का. मोतीराम म्हणाले, नाही चालणार, गाडी पूर्ण द्यावी लागते. मग दोघं जण कोणत्या दिवशी जायचं ते ठरवत बसले.